उंदराचा पिंजरा गंजू नये म्हणून काय लावायचं?

घाटकोपरची चाळ असो की मुलुंडची सोसायटी, पावसाळ्यात माळ्यावरचा उंदराचा पिंजरा खाली येतोच. आणि नेमका गंजलेला निघतो. दार अडकतं, उंदीर भज्याचा तुकडा खाऊन पसार!

मग लावायचं काय? तीन पर्याय आहेत.

ऑइल पेंट स्वस्त आणि घरच्या घरी होतो. पण उंदीर तारा कुरतडतो. एक ओरखडा पडला की पाणी आत शिरतं आणि रंगाखाली गंज पसरतो. पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण ओरखड्याची गोष्ट तीच.

तिसरं गॅल्वनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर. साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवतात. गंमत अशी, की थोडं खरवडलं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून नवा पिंजरा घ्याल तर जस्ताचाच घ्या. जुना असेल तर गंज घासा, रेड ऑक्साइड प्रायमर मारा, मग पेंट. स्प्रिंगला मात्र रंग नको, तेलाचा थेंब पुरे.

आता महत्त्वाचं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. हा आजार उंदराच्या लघवीतून पसरतो. त्यामुळे पिंजरा हातमोजे घालूनच धुवा. ब्लीच वापरलंत तर नंतर साध्या पाण्याने खळखळून धुवा, नाहीतर ते जस्तच खाऊन टाकतं. आणि पूर्ण सुकल्याशिवाय माळ्यावर टाकू नका!