समुद्राचं थीम पार्क कसं उभं राहतं? राइड्सआधी सोडवावी लागतात ‘ही’ गणितं

डोणगाव (जि. बुलढाणा) : समुद्र पाहायचा तर डोणगावकरांना पार कोकण किंवा मुंबई गाठावी लागते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात ‘सागर’ म्हटलं की शेगावचं आनंद सागर आठवतं. गजानन महाराज संस्थानने उभारलेल्या या उद्यानात कृत्रिम तलाव आणि त्याच्या मधोमध बेटावर ध्यानकेंद्र आहे. मग जहाजं, बंदरं, दीपस्तंभ असलेलं समुद्राचं थीम पार्क आपल्याकडे होऊ शकेल का? असं पार्क उभारताना कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्या लागतात? जाणून घेऊया.

डिझाइन कसं करतात?

या प्रकारातलं जगातलं ठळक उदाहरण म्हणजे जपानचं टोकियो डिस्नी-सी. ४ सप्टेंबर २००१ रोजी ते खुलं झालं. इथे विभागांऐवजी ‘बंदरं’ आहेत. सुरुवातीला ती सात होती, जून २०२४ मध्ये आठवं सुरू झालं. प्रवेश केल्यावर आधी पाणी दिसतं आणि त्याच्या काठाने रस्ते फुटतात. ‘एस. एस. कोलंबिया’ हे भलंमोठं जहाज धक्क्याला लागलेलं दिसतं, पण ते प्रवासाला निघत नाही. त्याच्या आत रेस्टॉरंट आहे. समुद्रावर आल्याचा भास पाणी, उंची आणि नजर कुठे जाते यावर ठरतो. राइड्स त्यानंतर बसवल्या जातात.

पहिलं गणित : पाणी

एक एकर तलाव दोन मीटर खोल भरायचा तर सुमारे ८१ लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास ८१० टँकर! बरं, एकदा भरून भागत नाही. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाण्याची वाफ झाली असं धरलं, तरी रोज ४० हजार लिटर, म्हणजे चार टँकर पाणी नुसतं हवेत जातं. तळातून झिरपणारं पाणी आणि शुद्धीकरण यांचा हिशेब वेगळाच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागात कोणत्याही आराखड्याला आधी याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

दुसरं गणित : पायाखालची जमीन

टोकियोचं पार्क खाडीत भराव टाकून केलेल्या जमिनीवर आहे. अशी जमीन भूकंपात पातळ चिखलासारखी होऊ शकते. म्हणून बांधकामाआधी जमिनीत वाळूचे खांब ठोकून ती घट्ट करण्यात आली. ११ मार्च २०११ च्या मोठ्या भूकंपात हा खर्च वसूल झाला. वाहनतळावर चिखल वर आला, पार्कची जमीन मात्र बहुतांशी टिकली. २८ एप्रिलला पार्क पुन्हा सुरू झालं.

तिसरं गणित : जमीन कोणाची?

आपल्या राज्यात घोडं इथेच अडलं. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी इथे ‘सी वर्ल्ड’ प्रकल्पाची घोषणा झाली. समुद्र शेजारीच होता, पण सुरुवातीच्या आराखड्यात सुमारे १,३९० एकर जमीन मागितली गेली. घरं, बागा आणि शेती जाणार म्हणून ग्रामस्थांनी विरोध केला. पुढे हा आकडा ३५० एकरांपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव आला. तरीही पार्क उभं राहिलं नाही.

आता नवा मार्ग काय?

त्याच जिल्ह्यात आता वेगळा प्रयोग होतो आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आलं. निवती रॉकजवळ ते समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी ही योजना आहे. सुमारे ८४ मीटर लांबीचं हे जहाज कृत्रिम प्रवाळभित्तीचंही काम करेल, अशी अपेक्षा आहे. संग्रहालय समुद्रतळाशी असल्याने त्यासाठी कोणाची बाग किंवा शेत घ्यावं लागणार नाही.

आपल्यासाठी अर्थ काय?

उद्या आपल्या तालुक्यात एखाद्या भव्य पार्कची घोषणा झाली, तर रंगीत चित्रातलं जहाज नंतर पाहा. आधी तीन प्रश्न विचारा : पाणी कुठून येणार, जमीन कोणाची जाणार आणि उन्हाळ्यात तलाव आधी भरणार की गावाची टाकी?