तुकडेबंदी जमिनीला आहे, बहिणीच्या हक्काला नाही

"पाच गुंठ्यांचा तुकडा पडत नाही, कायदाच तसा आहे. मग तुला काय तोडून देऊ?" अब्बांच्या इंतकालानंतर बहिणीने शेतातला हिस्सा मागितला की हे उत्तर आपल्या कितीतरी घरांत ऐकू येते. बोलणारा भाऊ पाच वक्तांचा नमाजी असतो, जकातही काढतो. बहीण गप्प बसते, कारण हट्ट धरला तर माहेर तुटेल ही भीती तिला असते. या उत्तरात खरे किती आणि सबब किती, हे एकदा शांतपणे पाहावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

कायदा आहे, हे खरे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार सरकार जमिनीचे किमान क्षेत्र ठरवते, त्याला प्रमाणभूत क्षेत्र म्हणतात. त्याहून लहान तुकडा पडेल अशी विक्री किंवा वाटणी करता येत नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे केले. वाटण्या होत होत शेत इतके लहान होऊ नये की त्यात नांगरही वळणार नाही, हा कायद्याचा हेतू आहे आणि तो चांगलाच आहे.

आता शरीअतचा हिशेब पाहू. समजा, मरहूम वडिलांच्या मागे एक एकर, म्हणजे ४० गुंठे जिरायत जमीन आहे. वारस म्हणून अम्मी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. कर्ज आणि वसीयत असल्यास ती आधी फेडली. सूरह निसाच्या हुकमाप्रमाणे अम्मींचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ गुंठ्यांचे सात भाग होतात. प्रत्येक भावाला दोन भाग, म्हणजे १० गुंठे, आणि प्रत्येक बहिणीला एक भाग, म्हणजे ५ गुंठे. याच सूरहने हेही बजावले आहे की मागे राहिलेली मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, स्त्रियांचा हिस्सा ठरलेला आहे. "जमीनच थोडी आहे" ही सबब तिथेच संपते.

या हिशेबात एक गोष्ट नीट पाहावी. २० गुंठ्यांचे माप लावले तर बहिणींचेच नव्हे, भावांचे हिस्सेही तुकडेच ठरतात. मग कायदा फक्त बहिणीच्या वाट्याला कसा आडवा येतो?

शिवाय वारसनोंद आणि वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसनोंद म्हणजे सर्व वारसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागणे. तिने जमिनीचा तुकडा पडत नाही, म्हणून तिथे प्रमाणभूत क्षेत्राचा प्रश्नच येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाहक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. तो अर्ज देताना अम्मी आणि बहिणींची नावे गाळली, तर त्याचा दोष तुकडेबंदीवर टाकता येणार नाही.

वाटणीच करायची झाली, तर मार्ग कायद्यातच आहे. न्यायालय किंवा जिल्हाधिकारी वाटणी करतात तेव्हा, ज्याचा हिस्सा दिल्याने तुकडा पडेल त्याला त्या हिश्शाचा मोबदला पैशांत द्यावा, असे कलम ८ अअ सांगते. जमीन कोणी घ्यायची आणि पैसे कोणी, हे हिस्सेदारांनी आपसात ठरवावे. एकमत झाले नाही तर चिठ्ठ्या टाकून ठरते. आपल्या उदाहरणात दोन्ही भावांनी २०-२० गुंठे घेतले तर एकही तुकडा पडत नाही. प्रत्येकाकडे आपल्या हिश्शाहून १० गुंठे जास्त येतात. त्या २० गुंठ्यांची आजच्या भावाने होणारी किंमत म्हणजेच अम्मी आणि तीन बहिणींचा हक्क. फिकहमध्येही ही वाट आहे. एखाद्या वारसाने ठरलेली रक्कम घेऊन राजीखुशीने आपला हिस्सा सोडणे, याला तखारुज म्हणतात. म्हणजे कायदा आणि शरीअत इथे एकाच दिशेने बोट दाखवतात.

काही वेळा मात्र लहान तुकडाच हवा असतो, आणि त्यासाठी सवलत मागता येते. २०२४ च्या मार्चमध्ये नियमांत दुरुस्ती होऊन चार कारणांसाठी वाट मोकळी झाली: विहीर, शेतरस्ता, सार्वजनिक कामासाठी जमीन गेल्यावर उरलेला भाग, आणि ग्रामीण घरकुल योजनेतील लाभार्थ्याचे घर. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. विहिरीसाठी पाच आरपर्यंत, म्हणजे जवळपास पाच गुंठे, जमीन घेता येते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे प्रमाणपत्र आणि विहीर खोदण्याची परवानगी जोडावी लागते. रस्त्यासाठी प्रस्तावित रस्त्याचा कच्चा नकाशा लागतो. मंजुरी मिळाल्यावर जमीन त्याच कामासाठी वापरली पाहिजे, नाहीतर मंजुरी रद्द होते. सवलत गरजेसाठी आहे. खोटे कारण दाखवून ती घेणे हे सरकारशी तर आहेच, अमानतीशीही बेइमानी आहे.

शहराजवळ स्टँप पेपरवर एक-दोन गुंठे घेऊन घर बांधलेली कुटुंबेही आपल्यात पुष्कळ आहेत. कायद्याविरुद्ध झालेला असा व्यवहार नियमित करून घेण्यासाठी २०१७ पासून बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागे. २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले, शहरी हद्दीतले किंवा बिगरशेती वापराच्या पट्ट्यातले तुकडे विनाशुल्क नियमित करण्याची तरतूद केली. आपली जमीन यात बसते का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे. मात्र ही सूट झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तिच्या भरवशावर आज नवा गुंठा नोटरीवर घेऊ नये.

शेवटी बहिणींविषयी. "आमच्या बहिणींनी खुशीने हक्क सोडला," असे अभिमानाने सांगितले जाते. ती खरोखर खुशी असेल तर तिने दिलेले हलाल आहे. पण आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत काय, हे तिला कोणी सांगितले होते का? हक्कसोडपत्राची नोंदणी करावी लागते. सही घेण्यापूर्वी तिच्यासमोर कागदावर हिशेब मांडावा, तिला विचार करायला वेळ द्यावा. एकदम पैसे देणे जमत नसेल तर हप्ते ठरवावेत, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावेत. पीक आल्यावर पहिला हप्ता घेऊन भाऊ स्वतः तिच्या दारात जाईल, तेव्हा माहेर तुटणार नाही. उलट कितीतरी वर्षांनी तिला ते पुन्हा आपले वाटेल, इन्शाअल्लाह.