हा दीडशेचा, तो दोनशेचा: टॉवर स्पीकर आणि वॉटचं खूळ

बडोद्याच्या स्टेशनकडून सयाजीगंजात शिरा आणि ऑडिओच्या एखाद्या दुकानात उभे राहा. टॉवर स्पीकरची जोडी बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गुजराती असो की पिढ्यान्‌पिढ्यांचा बडोदेकर मराठी, तो विचारतो, "केटला वॉट?" विक्रेता सांगतो, हा दीडशेचा, तो दोनशेचा. गिऱ्हाईक बरोबर आलेल्या भावाकडे वळून म्हणतं, "पन्नास जास्त आहेत, मग हाच घेऊ ना." कसले पन्नास, आणि ते कोणाला मिळणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

गैरसमज: जास्त वॉटचा स्पीकर मोठा आणि चांगला वाजतो

ज्या टॉवरला विजेचा प्लग नाही, तो स्वतः एकही वॉट निर्माण करत नाही. वॉट देतो अॅम्प्लिफायर. स्पीकरच्या पाठीवर छापलेला आकडा म्हणजे पुलाच्या तोंडाशी लावलेली वजनमर्यादेची पाटी. पूल किती पेलेल ते ती सांगते. तुमची गाडी किती वेगात धावेल, हे त्या पाटीवरून ठरत नाही.

ही पाटीही सगळे एकाच रीतीने लिहीत नाहीत. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकात स्पीकरच्या सहनशक्तीच्या निरनिराळ्या चाचण्या आहेत. एकीत विशिष्ट घडणीचा गोंगाट सलग १०० तास वाजवतात, तर दुसरीत एकेका सेकंदाचे झटके देतात. दुसऱ्या चाचणीतला आकडा साहजिकच मोठा येतो. खोक्यावर कोणता छापायचा, हे जाहिरात विभागाला विचारायची गरज पडत नाही!

मग मोठा कोण वाजेल, हे कशावरून ठरतं? सेन्सिटिव्हिटीवरून. माहितीपत्रकात ती '८७ डेसिबल, २.८३ व्होल्ट, १ मीटर' अशी लिहिलेली असते. तेवढा व्होल्टेज दिल्यावर एक मीटरवर आवाज किती येतो, हे तिच्यातून कळतं. आता हिशेब करू. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनी वाढतो, दहापट केले की १० डेसिबलनी, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटायला हे १० डेसिबल लागतात. म्हणजे दीडशेवरून दोनशेवर गेल्याने पदरात पडतात सव्वा डेसिबल. लक्ष देऊन ऐकलं तर जेमतेम जाणवतील. उलट दीडशेच्या जोडीची सेन्सिटिव्हिटी ९० असेल आणि दोनशेच्या जोडीची ८६, तर एकाच अॅम्प्लिफायरवर पहिली जोडी ४ डेसिबल मोठी वाजेल. ती तूट भरून काढायला दुसरीला अडीचपट वॉट द्यावे लागतील. दोन्ही आपापल्या मर्यादेपर्यंत नेल्या तरीही दीडशेवालीच पुढे राहते.

इथेही एक खाच आहे. २.८३ व्होल्ट ८ ओमच्या स्पीकरला दिले की १ वॉट होतो, ४ ओमच्या स्पीकरला दिले की २ वॉट. त्यामुळे ४ ओमच्या जोडीची सेन्सिटिव्हिटी कागदावर ३ डेसिबल फुगलेली दिसते. तुलना करताना ओम बघा, आणि ४ ओम असेल तर आपल्या रिसीव्हरमधल्या अॅम्प्लिफायरला ते झेपतं का, तेही बघा.

"पण जास्त वॉट असलेले काय वाईट?" वाईट काहीच नाही. ते लागतात किती, एवढंच पाहा. ८७ सेन्सिटिव्हिटीची ८ ओमची जोडी आणि सोफा ३ मीटरवर. एका स्पीकरचा आवाज तिथे पोचेपर्यंत साडेनऊ डेसिबलनी घटतो. भिंती त्यातले सुमारे ३ परत देतात, दुसरा स्पीकर आणखी ३ देतो. म्हणजे दोन्ही स्पीकरांना एकेक वॉट दिला तरी सोफ्यावर ८३-८४ डेसिबल! घरात आपण गाणं ऐकतो ते बहुधा ७०-७५वर. म्हणजे एका वॉटचाही अंशच खर्च होतो. तबल्याच्या थापेला आवाज २० डेसिबलनी उसळला, तरी १५ वॉटच्या आसपास भागतं.

सिनेमाचं गणित जरा वेगळं. थिएटरच्या संदर्भ पातळीवर पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलचं शिखर १०५ डेसिबल धरतात. घरात कोणी त्याच्या १० डेसिबल खाली ऐकलं, तरी वरच्या मजल्यावरून फोन येईल. आणि त्यालाही एका स्पीकरला सुमारे ३० वॉटच पुरतात.

ते ३० वॉट मात्र खरे हवेत. आपल्याकडे पीएमपीओ नावाच्या आकड्याने पिढ्या नासवल्या. तळहातावर मावणाऱ्या डेकवर हजारो वॉट छापलेले सर्वांनी पाहिले आहेत. त्यामागे कोणतंही सर्वमान्य मोजमाप नाही. अमेरिकेत घरगुती अॅम्प्लिफायरच्या वॉटबद्दल काय आणि कसं जाहीर करायचं, याचा नियम तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच केला. रिसीव्हर घेताना बारीक अक्षरं वाचा. 'एक चॅनल, १ किलोहर्ट्झ, ६ ओम, १० टक्के डिस्टॉर्शन' असं लिहिलेले दीडशे वॉट आणि 'दोन चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओम' असं लिहिलेले ऐंशी वॉट यांत ऐंशीवर भरवसा ठेवा.

वॉट सोडून काय बघायचं? खोली. दहा बाय बाराचा हॉल, स्लॅब आणि विटांच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. आपल्या फ्लॅटमध्ये असंच असतं. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला आवाज घुमतो. तिथे दोन मोठे टॉवर कोपऱ्यांत ठोकले की बेस भसाभसा येतो, आणि आपण म्हणतो, "वा, काय दम आहे!" दम स्पीकरचा नसून भिंतींचा असतो. टॉवर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा, सोफा मागच्या भिंतीपासून सोडवा, गालिचा आणि जाड पडदे टाका. पन्नास वॉटचा वाद त्यापुढे क्षुल्लक आहे.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*टॉवर बुकशेल्फपेक्षा चांगलाच.* टॉवर जास्त खोल बेसपर्यंत उतरतो, चांगला असेलच असं नाही. छोटं खोकं, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी यांतलं दोनच मिळतं, हा हॉफमनचा नियम. टॉवरची उंची ही खोल बेसची किंमत. काळी एकला गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा असतो. तिथवर बरा बुकशेल्फही पोचतो.

*गाण्याला वेगळे स्पीकर, सिनेमाला वेगळे.* एकच प्रामाणिक जोडी दोन्हीला चालते. ५.१ मधला '.१' सबवूफरकडे जातो. रिसीव्हरमध्ये टॉवरला 'स्मॉल' ठेवून ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावणं, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरवर सोपवणं, हा अपमान नाही.

*मोठ्या टॉवरने जुनी रेकॉर्डिंग खुलतात.* बडोदे दरबारच्या फैयाज खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्यांत ३० हर्ट्झ कोरलेच गेले नाहीत. स्पीकर ते आणणार कुठून?

*छोट्या अॅम्प्लिफायरने स्पीकर जळत नाही.* जळू शकतो. अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की लाटांची टोकं कापली जातात आणि भार उंच सूर वाजवणाऱ्या ट्वीटरवर येतो.

*महागडी वायर हवी.* अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पाच मीटर जोडतारेचा रोध सुमारे ०.०७ ओम. बडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्यांतली साधी वायर पुरे.

*दोनशे तास वाजवल्यावर खुलतो.* स्पीकर थोडासा सैलावतो, तोही सुरुवातीलाच. बाकी सवय कानाला होते, आणि तोवर परत करायची मुदत संपते.

*मी कानांनीच निवडतो.* डोळे मिटून का? ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. तेच स्पीकर ऐकणाऱ्यांना एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले, आणि गुण बदलले. छोटा, स्वस्त संच नजरेला पडताच त्याचे गुण घसरले.

तेव्हा दुकानात जाताना हॉलची लांबी-रुंदी लिहून न्या, आणि रोजच्या ऐकण्यातली दोन गाणीही. दोन्ही जोड्या एकाच अॅम्प्लिफायरवर लावायला सांगा. फोनवरच्या मापकाने दोघींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जी जरा मोठी वाजते तीच चांगली वाटते आणि विक्रेत्याला हे तुमच्याआधीपासून माहीत आहे. भावाला अदलाबदल करू द्या, तुम्ही पाठ करून बसा. आणि पैसे देण्याआधी 'घरी आठवडाभर ऐकून न आवडल्यास परत' एवढं बिलावर लिहून मागा. जो लिहून देईल त्याच्याकडून घ्या.