दोन कलिंबा, चार अंगठे!

कलिंबा म्हणजे अंगठ्यांनी छेडायचा चिमुकला पियानो! आफ्रिकेतल्या एम्बिरावरून ह्यू ट्रेसी यांनी 1950च्या दशकात तो जगापुढे आणला.

बारावीनंतर माझी मैत्रीण धुळ्याला गेली, मी जळगावला राहिले. फोनवर एकत्र वाजवून बघितलं, जमेना. कारण सोपं आहे. 120च्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. आवाज पोचायला समजा 200 मिलिसेकंद लागले, की ताल गेलाच! म्हणून ड्युएट आधी टॅब्लेचर सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं, फाईल पाठवायची आणि आपापला भाग बसवायचा.

टॅबमध्ये 17 पट्ट्यांच्या 17 उभ्या ओळी असतात, वाचायचं खालून वर. सा मधोमध, रे डावीकडे, ग उजवीकडे, म डावीकडे, प उजवीकडे... असं आलटून पालटून. शेजारच्या दोन पट्ट्या एकाच अंगठ्याने वाजतात. पण रे आणि ध दोन्ही डावीकडे, आणि मध्ये म! सॉफ्टवेअर ते मस्त वाजवून दाखवतं, अंगठ्याला मात्र जमत नाही. ड्युएटची खरी गंमत इथेच : रे माझा, ध तिचा.

आणि यमन? सगळे सूर शुद्ध, तीव्र म कुठून आणायचा? सोपं आहे, म लाच सा माना. मग नी आपोआप तीव्र म होतो!

शेवटची टीप : कलिंबाचा सूर रेंगाळतो, तेव्हा दोघींनी एकाच सप्तकात गर्दी करू नये. एकीने खालचं घ्यावं, दुसरीने वरचं. बाकी दिवाळीच्या सुट्टीत भेटलो की समोरासमोर वाजवूच!