समता कोणाची? बत्तीस मालकांची की लाखो चाहत्यांची?

सुपर बोलचा सामना अमेरिकेत रविवारी संध्याकाळी सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट झालेली असते. काळा कोट चढवून कोर्टाची वाट धरण्याआधी आम्ही तो पाहतो. शनिवार-रविवारी रात्री इंग्लंड-जर्मनीचा फुटबॉलही पाहतो, ज्याला अमेरिकन माणूस सॉकर म्हणतो. मित्र विचारतात, "वकीलसाहेब, यातला खरा खेळ कोणता?" आम्ही म्हणतो, खेळ दोन्ही खरे आहेत. प्रश्न विचारायचाच असेल तर असा विचारा की, चाहत्याला न्याय कोणत्या खेळात मिळतो?

आधी मैदानावरचा फरक पाहू. सॉकरमध्ये पंचेचाळीस मिनिटांच्या दोन डावांत खेळ सहसा थांबत नाही. अमेरिकन फुटबॉल कागदावर ६० मिनिटांचा आहे, पण सामना तीन तास चालतो. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१० मध्ये मोजदाद केली, तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असल्याची वेळ जेमतेम ११ मिनिटे भरली. बाकी जाहिराती, पुनःप्रक्षेपण आणि मसलती! तरीही ती ११ मिनिटे रटाळ नसतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू गमवायचा. कुस्ती आणि बुद्धिबळ एकाच मैदानात पाहावे, असा तो प्रकार आहे.

खरा फरक मात्र मैदानाबाहेर आहे. भांडवलशाहीचा डंका पिटणाऱ्या अमेरिकेत या खेळाची घडी चक्क समवाटपाची आहे. ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क. ही पद्धत १९३६ पासून चालू आहे. खेळाडूंच्या पगारावर १९९४ पासून कमाल मर्यादा आहे. १९६१ च्या कायद्याने लीगला दूरचित्रवाणीचे हक्क एकत्र विकण्याची मुभा दिली आणि तो राष्ट्रीय पैसा सर्व संघांत समान वाटला जातो. परिणाम काय? सलग तीन सुपर बोल आजवर एकाही संघाला जिंकता आलेले नाहीत. उलट जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा विजेतेपद पटकावले. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे करंडक!

मग अमेरिकन पद्धत न्यायाची म्हणायची का? थांबा. ही समता आहे ३२ संघमालकांमधली. त्यांचा दरवाजा आतून बंद आहे. खालून कोणी वर येत नाही, वरचा कोणी खाली पडत नाही. आणि चाहता? त्याला मताचा अधिकारच नाही. क्लीव्हलँडच्या मालकाने १९९५ मध्ये संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. पिढ्यान्‌पिढ्या पाठीशी उभे राहिलेले लोक रस्त्यावर आले, शहर कोर्टात गेले. अखेर संघाचे नाव, रंग आणि इतिहास तेवढा शहराकडे राहिला. खेळाडू गेले. नवा संघ १९९९ मध्ये उभा राहिला. ज्याच्या जिवावर खेळ चालतो, त्यालाच बेदखल करणारी ही कसली समता?

सॉकरमध्ये दरवाजा उघडा आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले तळाचे तीन संघ दरवर्षी खाली जातात, खालचे तीन वर येतात. ज्याच्या विजयावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव लावला होता, तो लीस्टर २०१६ मध्ये विजेता झाला, आणि तोच २०२३ मध्ये खाली घसरला. आत मैदान उंचसखल आहे, हे खरे. पण आत येण्याला मनाई नाही.

हाच दरवाजा बंद करण्याचा घाट एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या १२ धनाढ्य क्लबांनी घातला. त्यांच्या 'सुपर लीग'मध्ये बहुतेक जागा कायमच्या राखलेल्या! चाहते आपल्याच क्लबांच्या दारात फलक घेऊन उभे राहिले. दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली. जर्मनीचा बायर्न त्यात सामील झालाच नव्हता. तिथे क्लबमध्ये मतांचे बहुमत सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे, हे विसरू नये.

अमेरिकेतही एक अपवाद आहे. लाखभर वस्तीच्या ग्रीन बे शहराचा पॅकर्स संघ पाच लाखांहून अधिक भागधारकांच्या मालकीचा आहे. त्यांना लाभांश मिळत नाही, पण संघ उचलून दुसऱ्या शहरात नेण्याची कोणाची छाती नाही. लीगच्या आजच्या नियमांत मात्र इतर संघांना अशी मालकी घेता येत नाही. का, ते सांगायला वकील कशाला हवा?

म्हणून आमचा निकाल असा : वाटप अमेरिकेकडून घ्यावे, उघडा दरवाजा सॉकरकडून घ्यावा आणि मालकी ग्रीन बेकडून. नुसत्या समान वाटपाने न्याय होत नाही. वाटणीच्या पंगतीत बसायला कोणाला मिळते, हे आधी विचारावे लागते. टाळ्या वाजवणाऱ्याने हा प्रश्न विचारला, तर काय होते ते २०२१ च्या त्या दोन दिवसांनी जगाला दाखवले आहे.