घर दोघांचं, कागद कुणाचा?

हल्ली फ्लॅटच्या दारावर दोघांच्या नावांची सुरेख पाटी असते. आधी तिचं नाव, मग त्याचं. बघून बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, पाटीवरच्या नावाने कुणी मालक होत नाही. नाव लागतं ते नोंदणी झालेल्या करारनाम्यावर आणि ‘इंडेक्स टू’वर.

माझ्या भाचीने लग्नानंतर डोंबिवलीत घर बुक केलं. दोघंही नोकरी करणारे, हप्ता दोघांच्या पगारातून जाणार. करारनामा मात्र एकट्या जावईबापूंच्या नावे तयार होत होता. ‘बायकांना कशाला ऑफिसात खेपा घालायला लावायच्या?’ असं एजंटाचं म्हणणं! भाची मला म्हणाली, ‘‘मावशी, कर्जाला मी सही केलीय. म्हणजे घर माझंही झालंच ना?’’

म्हटलं, ‘‘नाही गं बाई. कर्जाला सही म्हणजे फेडायची जबाबदारी. मालकी वेगळी.’’ नोंदणीच्या आधीच लक्षात आलं म्हणून बरं. एक ओळ वाढवून काम झालं.

मग कुणाच्या नावे घ्यावं घर? महाराष्ट्रात २०२१पासून फक्त स्त्रीच्या नावे घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ८० लाखांच्या घरामागे ८० हजार वाचतात. सोबत नवऱ्याचं नाव आलं की ही सवलत जाते. उलट दोघं मालक आणि दोघं कर्जदार असतील, तर जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट घेता येते. दोन्ही हिशेब कागदावर मांडून बघा.

दोघांची नावं घालताना वाटाही लिहून घ्या. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा. पुरावाच नसेल तर दोघांचे वाटे सारखे धरतात. तुम्ही दागिने मोडून पैसे दिले असतील, तर ते बँकेतून द्या, पावती जपून ठेवा. ‘घरात काय हिशेब ठेवायचा?’ असं म्हणणाऱ्यांकडे हसून दुर्लक्ष करा!

सगळ्यात मोठा गैरसमज पुढेच आहे. ‘दोघांचं नाव आहे, एक गेला की दुसऱ्याचं सगळं घर,’ असं आपण धरून चालतो. आमच्या शेजारच्या वहिनींनाही तसंच वाटायचं. नवरा गेल्यावर मोठं घर विकून लहान घ्यायचं ठरवलं, तेव्हा कळलं की निम्मं घरच त्यांचं. उरलेल्या निम्म्याचे वारस चौघं : त्या, दोन मुलं आणि गावाकडच्या सासूबाई. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलं आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. सासूबाई समजूतदार, त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं. सगळ्याच जणी इतक्या नशीबवान नसतात.

‘पण मी नॉमिनी आहे ना!’ असंही ऐकू येतं. नॉमिनीचं नाव सोसायटीच्या दप्तरी लागतं, पण त्याने मालकी मिळत नाही. ती वारसांचीच. म्हणून घर घेतल्यावर दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार पुरतात, साध्या कागदावरही चालतं.

घर आधीच एकट्या नवऱ्याच्या नावे आहे? तो बक्षीसपत्राने तुम्हाला वाटा देऊ शकतो. पती-पत्नीतल्या अशा दस्ताला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सूट आहे. कर्ज चालू असेल तर आधी बँकेला विचारा, नंतर सोसायटीत नाव लावून घ्या.

हे सगळं बोलायचं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावे केली. त्यांचे संसार काही मोडले नाहीत. मग आपल्याला दोन खोल्यांच्या घराबद्दल विचारायला संकोच का वाटावा? आज रात्री जेवणं झाली की करारनामा कपाटातून काढा आणि दोघं मिळून पहिलं पान वाचा.