बाटल्यांच्या गल्लीतला बँडमास्तर

ब्राझीलचे बँडमास्तर सर्जिओ मेंडेस ५ सप्टेंबर २०२४ला लॉस एंजेलिसमध्ये गेले, वयाच्या ८३व्या वर्षी. मृत्युलेखांत एकच बिरुद फिरत राहिलं: बोसा नोव्हाचे राजदूत. मला ते पटत नाही. राजदूत निरोप जसाच्या तसा पोचवतो; या गृहस्थांनी निरोपच बदलला, आणि बदलला ते बरं केलं.

बोसा नोव्हा हे ब्राझीलचं संगीत मुळात कुजबुजीचं. झुआंव जिल्बेर्तो गिटारीवर अंगठ्याने सांबाच्या मोठ्या ढोलाचा ठोका धरायचे, उरलेल्या बोटांनी त्या ठोक्याला हुलकावण्या द्यायचे आणि वर कानात गुपित सांगावं तसं गायचे. नितेरॉयमध्ये जन्मलेले मेंडेस पियानोवाले, त्यातून जॅझवेडे. रिओच्या कोपाकबानात एका चिंचोळ्या गल्लीतल्या क्लबात त्यांचा मुक्काम असे. दणदणाटाला वैतागून वरच्या मजल्यांवरची मंडळी खाली बाटल्या भिरकावत, म्हणून तिचं नावच पडलं बाटल्यांची गल्ली. कुजबुजीवर कोणी बाटल्या फेकतं का?

१९६२मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली बोसा नोव्हाची गाजलेली मैफल, पाठोपाठ जॅझ सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीबरोबर रेकॉर्ड. १९६४मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि मेंडेस अमेरिकेला निघून गेले. खरी गोष्ट सुरू होते १९६६पासून, 'ब्राझील ६६' या बँडपासून.

या बँडची गायिका लानी हॉल शिकागोची. पोर्तुगीजचा गंध नाही. शब्द कानाने टिपून पाठ करायची. तिच्या जोडीला बिबी फोगेल. दोघी एकच चाल एकाच सुरात गातात, आवाजात कंप नाही, आळवणं नाही. दोन गळ्यांचा मिळून एक तिसराच गळा तयार होतो. खाली पियानोचा छोटा, हट्टी तुकडा पुन्हापुन्हा येत राहतो. 'मास के नादा' हे बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं झोर्झे बेन यांनी लिहिलेलं, आणि ते धड बोसा नोव्हा नव्हेच, सांबा आहे. नावाचा अर्थ साधारण 'छे, भलतंच काय!' गाणं दुसऱ्याचं, गळे दुसऱ्यांचे. कोणतं गाणं घ्यायचं, कोणाला द्यायचं आणि त्यातलं काय गाळायचं, एवढंच मेंडेस यांचं. बँडमास्तराची कला ती हीच, आणि श्रेयनामावलीत तिला धड रकाना नसतो.

पुढे संगीतकार बर्ट बकारॅक, बीटल्स यांची गाणीही याच साच्यात आली आणि १९६८मध्ये तुफान खपली. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. त्यांची एक तक्रार मला मान्य आहे: व्हायोलिनांचा पाक कधीकधी फार घट्ट होतो.   १९८३च्या हिट प्रेमगीतात तर ब्राझील शोधूनही सापडत नाही.

२००६मध्ये ब्लॅक आइड पीज या हिप-हॉप गटाबरोबर 'मास के नादा' पुन्हा आलं. तरुण वाचकांना तेच ठाऊक असेल. पण एकच रेकॉर्ड ऐकायची असेल, तर १९९२ची 'ब्राझिलेरो' ऐका. तिला ग्रॅमी मिळालं, ते सोडा. तिथे पन्नाशी ओलांडलेला हा पियानोवाला पहिल्याच गाण्यात पियानो मागे सारतो आणि ढोलवाल्यांच्या अख्ख्या ताफ्याला पुढे करतो.